सहाव्या केंद्राची राहिलेली ओळ

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, त्या वेळी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीपाशीही नाही. दोन-तीनदा तोंड उघडलं होतं — पण मग भलतंच काहीतरी बोलून बसले. उन्हाचं बोलले. चंद्रपुरात उन्हाबद्दल बोलायला कधीच कमी पडत नाही. आता लपवण्याचाही कंटाळा आला आहे, एवढंच. हिंमत आली असं समजू नका.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी नागपूरहून इंजिनीअरिंग करून परत आले होते आणि आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले होते. नाव सांगत नाही. आता ती संस्था राहिलेलीही नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्टीत तिची सहा केंद्रं होती. काम सिकलसेलचं. हा रक्ताचा आजार — रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, सांधे धरतात, लेकरं सारखी आजारी पडतात. आईबापांकडून येतो. एकाच्याच रक्तात दडलेला असेल तर फारसं काही कळतही नाही. दोघांच्याही असेल तर लेकराला पुरता होण्याची भीती. म्हणून लग्नाआधी तपासणी महत्त्वाची. गावोगाव जाऊन रक्त घ्यायचं, नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं, निकाल आला की ज्याचं त्याला कार्ड द्यायचं.

या सगळ्याची नोंद ठेवणारं वेब अ‍ॅप्लिकेशन आम्ही चंद्रपुरात बसून बनवलं. केंद्रांत इंटरनेट म्हणजे फोनची लाइन, तीही दिवसाआड. म्हणून प्रत्येक केंद्रातल्या कंप्युटरवर अ‍ॅप्लिकेशन वेगळं बसवलेलं होतं. सुधारणा केली की सहा ठिकाणी जाऊन टाकावी लागे. जीपनं, एस.टी.नं, कधी रस्ता संपला की पायी. माझा सगळा वेळ त्यातच जाई. मग मी एक टूल जुळवलं — चंद्रपुरातून एक कमांड दिली की लाइन मिळेल तसतशी नवी आवृत्ती सहाही केंद्रांत आपोआप जाऊन बसणार.

त्या टूलचा सगळा जीव एका फाइलीत होता. कॉन्फिगरेशनची फाइल. कुठल्या केंद्रात प्रोग्राम कुठं ठेवलाय, जुनं काय पुसायचं, नवं काय टाकायचं — आणि कशाला हात लावायचा नाही. प्रत्येक केंद्राचा एक परिच्छेद. ती फाइल मी फार मन लावून रचली होती. मोठ्या डॉक्टरांनी — संस्था त्यांचीच — बाहेरून आलेल्या पाहुण्यांना ती पडद्यावर दाखवायला लावली. मी दाखवली. मला तेव्हा काय वाटलं असेल? सत्तावीस वर्षांची होते. बाकीचं तुम्हीच समजा.

आता सोमाजीभाऊंबद्दल सांगायला हवं. इथवर मी ते टाळतच आले.

कोरचीच्या बाजूला आमचं सहावं केंद्र होतं. तिथं सोमाजीभाऊ रक्त घ्यायचं आणि नोंदीचं, दोन्ही काम करत. पन्नाशी ओलांडलेली. घरचे सगळे तळ्यावर मासे धरणारे. शिकून नोकरीला लागलेले हे पहिले. गोंडी अशी बोलत की गावातल्या म्हाताऱ्या त्यांना आपल्यातलेच समजत. कंप्युटर मात्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आमच्यामुळं पाहिला. शिकवायला मीच गेले होते. एका बोटानं टाइप करत. नाव मोठ्यानं म्हणायचं, एकेक अक्षर टाकायचं, मग पडद्यावर बोट ठेवून पुन्हा वाचायचं, आणि मगच जतन करायचं. दुसऱ्या केंद्रांतली पोरं तासाभरात पन्नास नावं टाकत, सोमाजीभाऊ पंधरा. पण त्या पंधरांत मला कधी एक चूक सापडली नाही. बायकोनं जुन्या लुगड्याचं कव्हर शिवून दिलं होतं, ते काम संपलं की मशीनवर घालत. मला म्हणाले होते, "बाई, आमच्या खानदानात मशीनले हात लावणारा मी पयला."

त्या केंद्रात मशीन बसवायला गेले त्या दिवशी वीज सारखी जात होती. मशीन जुनं, डिस्क लहान. बाकी पाच ठिकाणी नोंदी मी प्रोग्रामपासून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या. इथं तेवढा वेळ मिळाला नाही, म्हणून नोंदींचं फोल्डर प्रोग्रामच्याच पोटात ठेवलं. पुढच्या खेपेला हलवू, म्हटलं. हलवलं नाही. पण हे मला माहीत होतं — नीट ऐका, मला माहीत होतं. विसरले असते तर गोष्ट वेगळी झाली असती का? कोण जाणे.

फाइल लिहिताना पहिल्या केंद्राचा परिच्छेद काळजीनं लिहिला आणि तोच खाली पाच वेळा उतरवला. नावं बदलली. सहाव्यात एक ओळ जास्त हवी होती: या फोल्डरला हात लावू नये. ती ओळ लिहायची मनात होती. मध्येच कुणीतरी चहाला बोलावलं असेल, फोन आला असेल — आठवत नाही. ओळ राहिली. पहिली चाचणी मी माझ्याच मशीनवर घेतली, तिथं सगळं ठीक चाललं. चालणारच. माझ्या मशीनवर सगळं जिथल्या तिथं होतं.

आणखी एक. नोंदींची जादा प्रत दर शनिवारी आपोआप घेतली जायची. कुठून घ्यायची, तेही याच फाइलीत, आणि सहाव्यातही पहिल्याच केंद्राचा पत्ता उतरलेला. म्हणजे सहाव्या केंद्रात दर शनिवारी एका रिकाम्या फोल्डरची प्रत निघत होती आणि मला संदेश येत होता — काम यशस्वी. तो संदेश मी दर आठवड्याला बघत होते. फोल्डर एकदाही उघडून पाहिलं नाही.

दुपारची वेळ होती. त्या टूलनं मी पहिल्यांदाच नवी आवृत्ती पाठवली. पाच केंद्रांतून ठीक झाल्याचं आलं. सहाव्यातूनही आलं. टूलच्या हिशेबी सगळं छान झालं होतं — जुनं पुसलं, नवं बसवलं.

तासाभरात सोमाजीभाऊंचा फोन आला. आवाज अगदी खाली गेलेला.

"मॅडम, मशीन खाली दिसून राह्यली. एकबी नाव नाई."

मला लगेच कळलं. त्याच क्षणी. पडद्यावर ती फाइल उघडीच होती, सहावा परिच्छेद समोर. ओळ नव्हती. आणि मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "भाऊ, तुम्ही काही दाबलं का?"

ते म्हणाले, "मंगाशी एक डबा आला होता जी पडद्यावर. नवीन घेऊ का म्हणून. मी हो केलो. तुमी सांगतलं होतं ना, हो कराचं म्हणून."

खरंच मी सांगितलं होतं. नवी आवृत्ती आली की मशीन विचारेल, तुम्ही 'हो' दाबा — त्यांच्या वहीत मीच लिहून दिलं होतं.

आणि मी म्हणाले, "मग त्यातच काहीतरी झालं असेल."

एवढंच. 'असेल' म्हणाले. 'तुमची चूक' असं म्हटलं नाही, तेवढी मी हुशार होते. त्या एका 'असेल'वर मी किती वर्षं उभी राहिले!

गेलं ते काय, हे सांगते, म्हणजे नुसतं मशीनचं प्रकरण वाटणार नाही. नळीवर नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक, असा आमचा नियम. लोकांची आब राहावी म्हणून. कुठला क्रमांक कुणाचा, हे फक्त कंप्युटरला माहीत. जुन्या गावांत कार्डं वाटून झाली होती, त्यांचं निभावलं. पण तीन गावांचे निकाल नुकतेच आले होते आणि कार्डं अजून वाटायची होती. प्रयोगशाळेकडे क्रमांक होते, निकाल होते. सोमाजीभाऊंच्या रजिस्टरमध्ये नावं होती. मधला धागा तेवढा तुटला. या गावात इतक्यांच्या रक्तात आजार आहे, हे कळत होतं. पण ते कोण, हे कळायला मार्ग उरला नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी अहवाल मागितला. मी लिहिला. 'अद्ययावत करताना केंद्रावरील वापरकर्त्याच्या हातून नोंदी पुसल्या गेल्या.' खाली आणखी एक वाक्य घातलं — सोमाजीभाऊ निष्ठेनं काम करणारे आहेत, त्यांच्यावर कारवाई होऊ नये. डॉक्टर मला म्हणाले, तुझं मन मोठं आहे. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

ती ओळ मी त्याच आठवड्यात फाइलीत घातली. एकटी घातली असती तर कुणाच्या नजरेला आली असती, म्हणून आणखी वीस-पंचवीस किरकोळ बदलांत मिसळली. नाही म्हणजे, कोण बघणार होतं? ती फाइल वाचता येणारी त्या ऑफिसात मी एकटीच. तरी लपवली.

तिन्ही गावांत पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. या वेळी काही चुकू नये म्हणून मला बरोबर पाठवलं. मला! सोमाजीभाऊ पुढे चालत, मी मागे. प्रत्येक अंगणात ते आधी टोपी काढत. कुठं गोंडीत, कुठं मराठीत, एकच सांगत — तुमचं रक्त वाया गेलं नाही, कागद हरवला, माझ्या हातून हरवला, मला माफ करा. त्यांना असं म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं. मशीन बिघडली म्हटलं असतं तरी लोकांनी मान डोलावली असती. पहिल्या गावात मी मनाशी ठरवलं, पुढच्या घरी सांगते. मग पुढच्या. मग वाटलं, गावातल्या माणसांना कॉन्फिगरेशन काय कळणार? बघा, कसं सुचत जातं माणसाला.

बहुतेकांनी हात पुढे केला. काहींनी नाही. दुसऱ्या गावात जानकाबाईंचं घर होतं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. त्यांची मुलगी सुमन, एकोणीस वर्षांची, भिंत सारवत होती. तिचं लग्न ठरलेलं होतं, मुलगा शेजारच्याच गावचा. त्यानंही पहिल्या खेपेला रक्त दिलेलं. सोमाजीभाऊंनी आपलं म्हणणं मांडलं. जानकाबाईंनी ऐकून घेतलं, आवाज न चढवता म्हणाल्या, "एकडाव देलो ना आम्ही. तुमी हरवले. आता काऊन द्यावं?"

सोमाजीभाऊंनी हात जोडले. वयानं त्या त्यांच्यापेक्षा लहान होत्या. पोरीचं लग्न आहे, तपासून घेतलेलं बरं, असं परोपरीनं सांगत राहिले. जानकाबाईंची नजर माझ्याकडे गेली.

"हे बाई कोण?"

"ह्या मॅडम. चांद्याहून आल्या. आमची मशीन यायनंच बनवली."

"मंग इनं काऊन नाई सांभाळलं?"

हा प्रश्न मला होता. सरळ माझ्याकडे बघून विचारलेला. सगळ्या जगात त्या एका बाईनं मला नेमकं विचारलं — आणि मी तोंड उघडणार होते. उघडणार होते का? आज वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. पण सोमाजीभाऊच आधी बोलले.

"नाई जी, मॅडमची मशीन चांगली हाय. मीच चुकीचं दाबलो."

आणि मी सुमनच्या सारवलेल्या भिंतीकडे बघत उभी राहिले.

सुमननं रक्त दिलं नाही. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या घरीही त्याच सुमारास नकार मिळाला. एकाचं ऐकून दुसऱ्यानं. आम्ही परतलो. वाटेत सोमाजीभाऊ म्हणाले, तुम्हाला उगाच ऐकून घ्यावं लागलं. मी म्हटलं, असू द्या.

त्यानंतर त्यांनी कंप्युटरला हात लावला नाही. केंद्रावर नोंदीसाठी दुसरी मुलगी आली. सोमाजीभाऊ वहीत लिहीत, दोन वह्यांत, एकाखाली एक, आणि तिला वाचून दाखवत. मी एकदा म्हटलं, भाऊ, पुन्हा करून बघा की. ते हसले. त्यांनी हात मागे घेतला, पाठीमागे बांधला, लहान मुलं करतात तसा. तो हात मला अजून दिसतो.

तीन-चार वर्षांनी मी चंद्रपुरात बसून महिन्याची यादी तपासत होते. आजार पुरता असलेल्या बालकांची. सहाव्या केंद्राच्या यादीत एक वर्षाचा मुलगा होता, हातापायांना सूज आली म्हणून आणलेला. आईचं नाव सुमन. गाव शेजारचं, तिला दिलं होतं तेच. आईबाप दोघांच्याही रक्तात आजार, असं पुढं लिहिलेलं.

मी ती यादी मिटली. काय केलं असेल? चहा प्यायले. मग यादी पुन्हा उघडून काम पूर्ण केलं.

एका डॉक्टरांना मी सहज म्हणून विचारलं होतं — आधी कळलं असतं तर अशी लग्नं मोडतात का? ते म्हणाले, कितीतरी लोक कळूनही करतात. ते वाक्य मी बरीच वर्षं जवळ बाळगलं, औषधासारखं. आता त्याचा उपयोग होत नाही. त्यांनी काय केलं असतं, हे ठरवणं त्यांच्या हातात असायला हवं होतं. ते मी काढून घेतलं. आणि ते पोर? त्याला दुखायचं तेव्हा तर मी तिथं नव्हतेच.

सोमाजीभाऊ निवृत्त झाल्यावर एकदाच भेटले. वडशाच्या स्टेशनवर, सकाळची गाडी यायची होती. मी चंद्रपूरला परतत होते, ते बायकोला घेऊन गोंदियाला निघाले होते. लांबून ओळखलं, घाईघाईनं आले. थकले होते, दात गेले होते. बायकोला म्हणाले, "ह्याच त्या मॅडम. माह्या हातून तेवढी मोठी चूक झाली, पण यायनं माही नोकरी वाचवली."

अहवालातलं माझं ते दुसरं वाक्य त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पहिलं त्यांनी कधी वाचलं नसावं. किंवा वाचलं असेल, आणि खरंच मानलं असेल.

त्यांच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यानं आमचं घर राह्यलं जी," म्हणाल्या. पिशवीतून सुकवलेल्या माशांचं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. गोंदियाला लेकीकडे न्यायला बांधलेलं असणार. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही.

फलाटावर आम्ही तिघंच होतो. गाडीला अजून वेळ होता. पाच मिनिटं तरी होती. सांगायला किती वेळ लागतो? एक ओळ. मी म्हटलं, "तब्येत सांभाळा, भाऊ." ते म्हणाले, "तुमीबी." मग माझी गाडी आली.

ते मासे मी घरी आणले आणि शिजवले. नवऱ्यानं विचारलं, कुणी दिले? म्हटलं, ओळखीचे आहेत एक.

सोमाजीभाऊ दोन वर्षांनी वारले. कुणीतरी फोनवर सांगितलं, मी गेले नाही. त्यांच्या घरी आजही हेच समजतात की म्हाताऱ्याच्या हातून एकदा मोठी चूक झाली होती. त्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. मी शिकवलं तेच त्यांनी केलं होतं. ओळ मी लिहिली नव्हती, आणि ते मला त्याच दुपारी माहीत होतं.